नोव्हायच्या भिंतीवरची देवी

"दिसली! अगं बाई, नथीसकट दिसली!"

दीपाने ओरडून हात जोडले आणि तिच्यामागच्या सगळ्यांच्या तोंडून एकदम "आई गं" निघालं. नोव्हायमधल्या एका शाळेचं कॅफेटेरिया, फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे अकरा. बाहेर पार्किंग लॉटमध्ये गुडघाभर बर्फ, दाराशी स्नो बुटांचा ढीग, आणि आत मिशिगनमधली एकशे दहा मराठी माणसं एका कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी. भिंतीवर चित्र नव्हतं, खिळा नव्हता, साधा तडासुद्धा नव्हता. तरी त्या भिंतीकडे बघून निम्मी माणसं रडत होती आणि उरलेली निम्मी शेजारच्याला विचारत होती, "तुला कुठे दिसली?"

"घड्याळाच्या खाली!"

"अरे, मला तर फायर एक्झिटच्या दारावर!"

"जिकडे बघाल तिकडे दिसेल," माइकमधून आवाज आला. "ती काय एका जागी बसणारी आहे? मान डावीकडे वळवा. आहे ना? उजवीकडे वळवा. आहे ना? आता पापणी मिटून उघडा. परत आली ना? भक्ताने बोलवावं आणि तिने यावं, यालाच म्हणतात क्वांटम भक्ती!"

हे श्री वर्णानंद गुरुजी. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगात भगव्या रंगाचं फ्लीस जॅकेट, कानाला अडकवलेला माइक, पायांत जाड लोकरी मोजे. दर शनिवारी न्यू जर्सीहून विमानाने यायचे. 'क्वांटम' हा शब्द दर तिसऱ्या वाक्याला यायचा, आणि ज्यांनी इंजिनिअरिंगला फिजिक्सचा पेपर जेमतेम काढला होता ते सगळ्यांत जास्त माना डोलवायचे.

दर्शनाची रीत अशी. स्टेजवर पुरुषभर उंचीचा एक पट उभा केलेला. त्यावर देवीचं मुख, पण बघणारा दचकेल असं. चेहरा निळा, केस पांढरेशुभ्र, डोळे काळे आणि त्यांतली बुबुळं पांढरी, कपाळावर हिरवट निळं कुंकू. नाकाच्या शेंड्यावर एक बारीक ठिपका. गुरुजी सांगायचे, "कलियुगात माणसाची नजर उलटी झाली, म्हणून आईने उलटं रूप घेतलं. तिला सुलटं करण्याची शक्ती तुमच्या अंतर्नेत्रात आहे." त्या ठिपक्यावर नजर रोखायची, ती तसूभरही हलवायची नाही. सगळ्यांनी मिळून साठ आकडे मोजायचे. मग गुरुजी "जय!" म्हणाले की झटकन वळून पांढऱ्या भिंतीकडे बघायचं. आणि भिंतीवर देवी उमटायची; काळ्याभोर केसांची, गव्हाळ रंगाची, लालचुटुक कुंकू लावलेली.

आश्लेषा आली होती ती सासूबाईंना सोडायला, आणि खरं सांगायचं तर गंमत बघायला. नाक मुरडायची सगळी तयारी ती घरून करून आली होती. पण साठ आकडे झाले, ती वळली, आणि तिच्या डोळ्यांसमोर ती कोरी भिंत जिवंत झाली. अंगावर सरसरून काटा आला. हात कधी जोडले गेले ते तिलाही कळलं नाही.

म्हणजे बघा, ही थाप नव्हती. देवी दिसत होती, शपथेवर सांगावं इतकी स्वच्छ दिसत होती. यातली ग्यानबाची मेख तीच होती.

पहिल्या रांगेत तिच्या सासूबाई, सुहासिनीबाई, खुर्चीचा दांडा धरून उभ्या होत्या. वय एकोणसत्तर. नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. वर्गात पेन्सिलीला टोक नसलेलं त्यांना चालत नसे. त्या बाईंच्या गालांवरून आता पाणी वाहत होतं.

"ज्यांना दर्शन झालं त्यांनी हात वर करा," गुरुजी म्हणाले. हातांचं रान उठलं. "बघा! अहो, आजारी डोळ्याला देवी दिसेल का? दिसली याचा अर्थ काय? डोळा आतून बरा होतोय! सात रविवार माझ्याबरोबर या. आणि तोवर डोळ्यांत ते केमिकल नको. तुमचे ड्रॉप्स म्हणजे अंतर्नेत्रावर ओढलेला पडदा. आईने यायचं कुठून?"

सुहासिनीबाईंनी मान हलवली. आश्लेषा त्यांच्याकडे जायला निघाली, पण तेवढ्यात मराठी मंडळाचा सेक्रेटरी निमिष लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ आला.

निमिष कारचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. चष्मा, भरघोस मिशा, आणि कुठल्याही गोष्टीची एक्सेल शीट केल्याशिवाय चैन न पडणारा. "आश्लेषा, हे बघ. मी स्वतः स्केप्टिक होतो, ओके? पण डेटा बघ. मागच्या रविवारी अठ्ठ्याऐंशीपैकी ऐंशी. नव्वद पॉइंट नऊ पर्सेंट. आज एकशे दहापैकी एकशे चार. ट्रेंड वर चाललाय यार! असं बुवाबाजीत होतं का? धिस इज रिप्रोड्यूसिबल."

"आणि ते सहा जण?"

"गुरुजी म्हणतात त्यांचं मन चंचल आहे," निमिष म्हणाला आणि जरा अवघडला, कारण त्या सहांत आश्लेषाचा नवरा प्रसन्न होता. चाळिसाव्या आकड्याला त्याच्या ऑफिसचा सर्व्हर बंद पडल्याचा अलर्ट आला आणि त्याने फोन बघितला. दीपासकट चार-पाच जणी त्याच्याकडे, याच्या घरातलं कुणी गेलंय की काय, अशा चेहऱ्याने बघत होत्या.

दुपारी घरी आल्यावर आश्लेषाने उरलेली साबुदाण्याची खिचडी ठेवायला फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात सासूबाईंच्या ड्रॉप्सची नवी बाटली सीलबंद उभी होती.

"आई, ही अजून उघडली कशी नाही? जुनी तर गुरुवारीच संपायला हवी होती."

"जुनी मी टाकून दिली."

"टाकून दिली? कधी?"

"मागच्या रविवारी. दीपाबरोबर पहिल्यांदा गेले ना, तेव्हाच. आणि पुढच्या मंगळवारची ती डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे ना, तीही कॅन्सल कर."

आश्लेषाने खिचडीचा डबा ओट्यावर ठेवला. सासूबाईंना काचबिंदू होता. हा आजार मोठा लबाड. तो दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने कुरतडत आत येतो, आणि एकदा घेतलेलं परत देत नाही. डोळ्यातला दाब खाली ठेवणारा रोजचा एक थेंब, एवढंच काय ते त्याच्या आणि आंधळेपणाच्या मधे उभं असतं. डॉक्टरांनी हे त्या दोघींनाही कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. तो थेंब सात दिवस पडला नव्हता.

"आई, असं करू नका हो. डॉक्टर काय म्हणाले होते?"

"काय म्हणाला तो? आहे तेवढी नजर राखू म्हणाला. बरी करू असं एकदा तरी म्हणाला का?" सुहासिनीबाईंचा आवाज चढला. "हा माणूस म्हणतो, बरी करू. आमची माई आठवते का तुला, माझी आई? शेवटी शेवटी ताटातली भाजी कुठली आहे ते बोटांनी चाचपून बघायची. मला तसं नाही जगायचं गं. मला रंग दिसायला हवेत."

"पण आई, ही बुवाबाजी आहे," प्रसन्न सोफ्यावरून म्हणाला.

"तुला दिसली नाही म्हणून तू म्हणणारच."

प्रसन्नने फोन उचलला. आश्लेषाने डबा फ्रिजमध्ये ठेवून दार लावलं. देवी तिलाही दिसली होती. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं आहे असं ती कुठल्या तोंडाने सांगणार?

सोमवारी ती कामावर गेली ती हाच गुंता डोक्यात घेऊन. आश्लेषा एका कार कंपनीत रंग जुळवायचं काम करायची. गाडीचं दार पत्र्याचं, बंपर प्लास्टिकचा, दोन्ही रंगवणारे कारखाने वेगळे. पण रस्त्यावर गाडी उभी राहिली की दोन्ही एकाच हाताने रंगवल्यासारखी दिसली पाहिजेत. त्यासाठी एक खास खोली. तिथल्या भिंती राखाडी, आत जाणाऱ्याने अंगात कोट घालायचा तोही राखाडी. आणि एक नियम, जो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात. रंगाच्या नमुन्याचं एक पॅनेल बघून झालं की दुसरं बघण्याआधी थोडा वेळ राखाडी भिंतीकडे बघायचं, म्हणजे डोळे विसावतात. नाहीतर पहिल्या रंगाचा ठसा दुसऱ्यावर चढतो आणि चांगलं पॅनेल नापास होतं.

त्या दिवशी तिच्यासमोर लाल पॅनेल होतं. मन सासूबाईंच्या बाटलीत. ती त्या लालाकडे बघत राहिली ती बघतच राहिली, आणि मग भानावर येऊन नियमाप्रमाणे भिंतीकडे वळली. राखाडी भिंतीवर एक हिरवट निळा चौकोन तरंगत होता. डावीकडे बघितलं तर डावीकडे. उजवीकडे बघितलं तर उजवीकडे. पापणी मिटून उघडली, परत आला.

आश्लेषाने कपाळावर इतक्या जोरात हात मारला की शेजारच्या टेबलावरची तिची सहकारी केली दचकली.

"यू ओके?"

"नो. आय ॲम ॲन इडियट. चौदा वर्षांपासून इडियट!" आणि ती हसत सुटली. चौदा वर्षं रोज वीस वेळा जी गोष्ट ती डोळ्यांतून झटकून टाकत होती, तिलाच काल तिने हात जोडले होते.

संध्याकाळी तिने घरात पाऊल टाकताच सगळं सांगितलं. सुहासिनीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग चष्मा पुसत म्हणाल्या, "हे तू मला शिकवतेस? रंगचक्र मी पाचवीच्या पोरींना शिकवलंय. तुझा तो चौकोन झाला. ही देवी आहे. चौकोन दिसणं वेगळं आणि तिचं मुख दिसणं वेगळं."

"अहो आई, चौकोन दिसतो तसाच चेहराही दिसतो!"

"मग दुसरं कुणी का दिसलं नाही भिंतीवर? देवीच का?"

वाद तिथेच मोडला. पण स्वयंपाकघरात कणीक मळता मळता आश्लेषा थांबली. दुसरं कुणी का दिसलं नाही? कारण दुसरं कुणी दाखवलंच नव्हतं! निमिषने किती जणांना दिसतं ते पॉइंट नऊपर्यंत मोजलं, पण त्या पटाच्या जागी दुसरा पट लावून बघितला नाही. तिच्या खोलीत एकटं पॅनेल कुणी पास करत नाही. शेजारी दुसरं ठेवल्याशिवाय रंगाबद्दल बोलायचंच नसतं. कारच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या एवढ्या इंजिनिअरांना ही गोष्ट सुचू नये? आणि तिला स्वतःला तरी कुठे सुचली होती म्हणा.

बुधवारी ती एका प्रिंट शॉपमध्ये गेली. काउंटरवरच्या माणसाने स्क्रीनवरचा फोटो बघून तिला अदबीने सांगितलं, "मॅम, धिस इज इनव्हर्टेड. यू नो दॅट, राइट?"

"आय नो. मेक इट ह्यूज."

पोस्टर घरी आलं. तिने ते फक्त प्रसन्नला दाखवलं. "ओळख, कोण?"

प्रसन्नने बराच वेळ बघितलं. "कुणी सिद्धपुरुष आहेत का? चेहरा ओळखीचा नाही वाटत." आश्लेषा तोंडात ओढणीचा बोळा कोंबून आतल्या खोलीत पळाली.

तिसऱ्या रविवारी कॅफेटेरियात पाय ठेवायला जागा नव्हती. टोलीडोहून लोक आले होते. वर झालेले हात मोजायला निमिषने दोन काउंटर आणले होते. गुरुजी स्टेजवर डोळे मिटून बसलेले, आणि सुहासिनीबाई पहिल्या रांगेत, औषधाशिवायच्या चौदाव्या दिवशी.

आश्लेषा रेशमी ओढणीत गुंडाळलेलं पोस्टर घेऊन स्टेजवर चढली. हे फसलं तर सासूबाई पुन्हा कधी तिचं ऐकणार नव्हत्या.

"गुरुजी, आमच्या घरीही एक पट आला आहे. उलट्या रूपातला. आज आधी यांचं दर्शन घडवाल का?"

"माझी सून," सुहासिनीबाई शेजारणीला म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा इतका खुलला की आश्लेषाला क्षणभर अपराधी वाटलं.

गुरुजींनी ओढणी बाजूला केली. पळभर ते अडखळले. पण समोर दीडशे माणसं हात जोडून उभी होती, आणि माइक चालू होता.

"अहाहा!" गुरुजी म्हणाले. "नीलवर्ण मुख! शुभ्र मिशा! आणि डोळ्यांभोवती ही दोन तेजोवलयं बघा! भक्तहो, हे हिमालयातले आठशे वर्षांचे सिद्धपुरुष आहेत. मला ध्यानात तीनदा भेटलेत. यांनी अन्न सोडून पाच शतकं झाली. आज ते नोव्हायला प्रकट होणार! नाकावरच्या ठिपक्याकडे बघा. मोजा!"

दीडशे कंठांनी साठ आकडे मोजले. यावेळी प्रसन्नने फोन गाडीत ठेवला होता.

"जय!"

सगळे वळले. मग दीपा किंचाळली.

"अय्या! हा तर निमिष!"

"चष्म्यासकट निमिष!"

"अरे, घड्याळाखाली निमिष!"

"फायर एक्झिटवर पण निमिष! पापणी मिटली तर परत आला यार!"

हॉलच्या पार मागच्या टोकाच्या भिंतीकडे बघणाऱ्या कुणीतरी आरोळी ठोकली, "इकडे बघा, इकडे केवढा झालाय! विराट निमिष!" आणि मग जे हास्य फुटलं ते कुणाला आवरेना. लोक खुर्च्यांवर कोसळत होते, एकमेकांच्या पाठी बडवत होते, "मला पुन्हा बघायचाय" म्हणत पोस्टरकडे धावत होते. खुद्द निमिष मात्र भिंतीसमोर जागच्या जागी उभा होता.

"मला पण मीच दिसतोय," तो पुटपुटला. "हा मंडळाच्या वेबसाइटवरचा फोटो आहे."

"ही सुद्धा आईचीच लीला!" गुरुजींनी आवाज चढवला. "निमिषच्या देहातही तो सिद्धपुरुष..."

"गुरुजी, आठशे वर्षांचे म्हणालात ना?" निमिषची बायको स्वानंदी उभी राहिली. "हे चव्वेचाळीस वर्षांचे आहेत. आणि यांनी अन्न सोडलंय म्हणता? येताना गाडीत चार मेथीचे पराठे झालेत!"

पहिल्या रांगेत सुहासिनीबाईही हसत होत्या. पदराने डोळे पुसत, खांदे गदगदवत हसत होत्या. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्या उठल्या, स्टेजवर चढल्या, देवीच्या पटापाशी गेल्या. आधी त्यांनी पटाला नमस्कार केला. मग चष्मा कपाळावर सरकवून, नाक पटाला लागेल इतक्या जवळून तो बघितला, आणि बोट फिरवलं.

"छापील आहे," त्या म्हणाल्या. "फोटो उलटा करून छापलेला. माइक द्या."

"मातोश्री, आपण भावनेच्या भरात..."

"माइक द्या म्हटलं ना!"

एकतीस वर्षं साठ-साठ मुलींचा वर्ग गप्प करणारा आवाज होता तो. गुरुजींनी कानावरचा माइक उतरवून त्यांच्या हातावर ठेवला. हॉलमधली दीडशे माणसं आपोआप खाली बसली.

"रंगचक्रात लालच्या समोर कोण बसतो?" बाईंनी विचारलं.

"हिरवा," इकडून तिकडून दबकत उत्तरं आली.

"मोठ्याने! हं. आपल्या डोळ्यात आत एक पडदा असतो, त्यात रंग टिपणाऱ्या पेशी असतात. एकाच जागी एकच रंग बघत राहिलं की तिथल्या पेशी थकतात. मग पांढऱ्यावर नजर टाकली की थकलेल्या गप्प बसतात आणि उरलेल्या बोलतात. म्हणून निळ्या चेहऱ्याचा होतो गव्हाळ. पांढऱ्या मिशांच्या होतात काळ्या. नाकावर ठिपका कशासाठी? नजर हलू नये म्हणून. हलली की ठसा पुसला जातो. माझ्या मुलाचं मन चंचल नव्हतं, त्याचा फोन वाजला होता."

"थँक यू, आई," प्रसन्न मागून म्हणाला.

"पण काकू, जिकडे बघू तिकडे दिसते, ते कसं?" दीपाने विचारलं. तिचा आवाज अजून रडवेला होता.

"कारण ती भिंतीवर नाहीच बाळा. ठसा तुझ्या डोळ्यात आहे. डोळा जिथे जाईल तिथे तोही जाणार. हात पुढे कर, तळहातावर बघितलंस तर एवढीशी दिसेल. लांबच्या भिंतीवर बघितलंस तर मोठी, कारण मेंदू म्हणतो, इतक्या लांब असून एवढी दिसते म्हणजे आकाराने मोठीच असणार. ठसा दोन्ही वेळा तेवढाच. आणि हे उलट्या फोटोचं आणखी एक. माणसाचा चेहरा उजेड-सावली उलटी केली की आपल्याला ओळखूच येत नाही. रोज भेटणारा निमिष तुमच्यापैकी एकाने तरी ओळखला का?"

"मी नवरा ओळखला नाही," स्वानंदी म्हणाली.

"काकू, पण माझा डेटा..." निमिष उभा राहिला. हातात अजून काउंटर होता. "नाइंटी-फोर पर्सेंट..."

"तुझा आकडा खराच आहे रे. एकशे चार जणांना दिसलं, त्यात खोटं काहीच नाही. पण का दिसलं?"

निमिषने चष्मा काढला. "कंट्रोल ठेवला नाही मी," तो सावकाश म्हणाला. "दुसरं चित्र लावून बघायला हवं होतं. यावरून मी ऑफिसात रोज पोरांना झापतो."

सुहासिनीबाईंनी त्याला बसायची खूण केली. मग माइक तोंडापासून जरा लांब धरून म्हणाल्या, "मला हे माहीत नव्हतं का? होतं. सुनेने सोमवारी सांगितलंही. मी ऐकलं नाही, कारण मला भीती वाटत होती. आंधळी होण्याची भीती. घाबरलेल्या माणसाला कुणीतरी 'बरं करतो' म्हणावं एवढंच हवं असतं. देवीवर माझी श्रद्धा आहे आणि ती राहील. पण तिला माझ्याकडे यायला छापखाना लागत नाही, आणि माझं औषध बंद करायला ती कुणाला पाठवणार नाही. मी चौदा दिवस ड्रॉप्स घातले नाहीत. इथे आणखी कुणी औषध बंद केलंय? हात वर करा."

कोपऱ्यात एक हात वर झाला. मग दुसरा, तिसरा. मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "बाई, मी शुगरच्या गोळ्यापण बंद केल्या. म्हटलं डोळा बरा होतोय तर शुगरही होईल." आता कुणी हसलं नाही. आश्लेषाने मोजले, एकूण नऊ हात होते. नऊ माणसं, शिकलेली, गाड्या आणि संगणक बनवणारी.

या सगळ्यात गुरुजी कधी सटकले ते कुणी पाहिलं नाही. दाराशी बुटांच्या ढिगात घाईघाईने पाय घातल्याने ते एक काळा आणि एक तपकिरी बूट घालून गेले, आणि टोलीडोच्या एका काकांना उरलेली जोडी घालून घरी जावं लागलं.

मंगळवारी डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला. औषध चालू असताना तो पंधरा असायचा, आता सव्वीस होता. नजरेचं काही नुकसान झालंय का, असं आश्लेषाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, आज सांगता येणार नाही. औषध पुन्हा सुरू करा, तीन महिन्यांनी तपासणी करू, तेव्हा कळेल.

"तीन महिने," गाडीत बसल्यावर सुहासिनीबाई म्हणाल्या. "तो म्हणाला होता सात रविवार. बघ, खरं बोलणारा माणूस जास्त वाट बघायला लावतो." त्यांनी आश्लेषाचा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही, आणि आश्लेषाने बर्फातून एका हाताने गाडी चालवली.

घरी आल्यावर त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर एका बोटाने टाइप करत एक मेसेज टाकला. 'आपल्याला जे दिसलं ते खरंच दिसलं, त्याची कुणी लाज वाटून घेऊ नका. डोळे सगळ्यांचे असेच असतात. पण दिसलं त्याचा अर्थ दुसऱ्या कुणी सांगायला लागला, तर आधी दुसरं चित्र लावून बघा. आणि औषध थांबवायचं असेल तर ज्या डॉक्टरने ते दिलं त्यालाच विचारा, बाकी कुणाला नाही. सुहासिनी बाई, चित्रकला.'

मग त्यांनी मान मागे टाकली आणि आश्लेषाने दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला. औषध आत मुरायला थोडा वेळ डोळे मिटून बसावं लागतं. आश्लेषा शेजारी बसून राहिली.

"मिटल्यावर काय दिसतं हो, आई?" तिने विचारलं.

"काही नाही गं. अंधार," सासूबाई म्हणाल्या. "थांब जरा. उघडले की तू दिसशील."